एक फुल, चार हाफ

आमच्या आत्याला मिशा आहेत. पीळ भरण्याजोग्या नव्हेत, पण उन्हात उभी राहिली की वरच्या ओठावर करडी लव चमकते. शाळेत 'आत्याबाईला मिशा असत्या तर' ही म्हण वाक्यात उपयोग करायला आली, तेव्हा आमच्या छोटूने वहीत लिहिलं, 'आमच्या आत्याला मिशा आहेत तरी आम्ही तिला काका म्हणत नाही.' बाईंनी ते लाल शाईने खोडलं. संध्याकाळी आत्याने वही बघितली, मग भिंतीवरच्या आरशात बघितलं आणि म्हणाली, "वाक्य बरोबर आहे. बाईंना म्हणावं, घरी येऊन तपासा."

काका आम्हाला नव्हताच. त्यामुळे काकाची सगळी कामं मिशांसकट तिच्याकडे आली होती. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्या. त्यांत आजी, आई-बाबा, आत्या आणि आम्ही चौघं: दादा, ताई, मी आणि छोटू. आत्याने लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची लहानपणी छाती नव्हती, आणि छाती आली तोवर उत्सुकता संपली होती. आमची चौघांची नावं तिनेच ठेवलेली. बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. त्या बुक्क्यांचा हिशेब ती अजून लावते. "चार बारशांचे बुक्के खाल्लेत मी. माझ्या चार गोष्टी तुम्हाला ऐकाव्या लागतील." त्यातल्या तीन तिने केव्हाच वसूल केल्या. (मला सायन्समधून काढून आर्ट्सला घालणं ही त्यातली एक, आणि तिचे मी आजही आभार मानते.) चौथी तिने ऐंशी वर्षं उलटल्यावर बाहेर काढली.

त्याचं असं झालं. आम्ही तिच्या सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला होता. हॉल, गुरुजी, जेवणावळ, दिव्यांनी ओवाळणं, सगळं साग्रसंगीत. दादा बँकेतून निवृत्त झालाय, त्यामुळे त्याच्याकडे कॅल्क्युलेटरही असतो आणि वेळही असतो. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत २९.५३ दिवस, गुणिले हजार, भागिले ३६५.२५. "ऐंशी वर्षं आणि दहा महिने," त्याने जाहीर केलं.

"पावसाळ्यातल्या वजा केल्यास का?" आत्याने विचारलं.

"पावसाळ्यातल्या काय?"

"पौर्णिमा. मुंबईत आषाढ-श्रावणात चंद्र कुणी बघितलाय? वर्षाला चार तरी ढगात जातात. दर्शन म्हणजे दर्शन. उगीच देवाला खोटा हिशेब दाखवू नकोस."

दादाने खरोखरच पुन्हा हिशेब केला. उत्तर जवळजवळ एकशेवीस वर्षं आलं. "मग तेव्हा करा," आत्या म्हणाली. "हॉल मात्र आत्ताच सांगून ठेव, आयत्या वेळी मिळत नाहीत."

आणि मग चौथी गोष्ट मागितली. घारापुरीला जायचं. फक्त आम्ही चौघं आणि ती. सुना नकोत, जावई नकोत, नातवंडं तर नकोतच. "पूर्वी न्यायचे ना मी, तसं."

पूर्वी ती न्यायची, म्हणजे दर मे महिन्यात एक दिवस. त्या दिवशी आईला सुट्टी. तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट, राणीची बाग, असं दर वर्षी एकेक. आत्याच्या खांद्याला एक जाड पिशवी, तीत पोळीचे लाडू, पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि पितळेचा फिरकीचा तांब्या. कुठेही चढलो-उतरलो की ती मोठ्याने मोजायची, "एक, दोन, तीन, चार." घारापुरीला मात्र एकदाच गेलो. लाँच हलत होती म्हणून ताई रडली, छोटूच्या हातचा लाडू माकडाने नेला म्हणून तो रडला, आणि दादा मोठा असल्यामुळे त्याला रडता येईना, म्हणून तो चिडला. लेण्यात त्या अठरा-वीस फुटी तीन तोंडांच्या मूर्तीसमोर आत्याने आम्हाला ओळीने उभं केलं. मधलं शांत तोंड दादाचं, डावीकडचं रागीट छोटूचं, उजवीकडचं नाजूक ताईचं. "आणि माझं?" मी विचारलं. "तुझं मागच्या बाजूला आहे," आत्या म्हणाली. "दगडात आहे. दिसत नाही, पण असतं." तिसऱ्या नंबरच्या मुलीला इतकं नेमकं उत्तर दुसरं कुणी दिलं नसतं. पुढे कळलं की जाणकारही त्या मूर्तीला पंचमुखी सदाशिव मानतात आणि चौथं मुख खरंच मागे आहे असं समजतात. आत्याला हे ठाऊक होतं, की तिने वेळ मारून नेली, हे मी मुद्दामच विचारलेलं नाही.

आता या सहलीत एक अडचण होती. दादा आणि छोटू दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण सांगते, पण हसू नका. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा खोल्या रिकाम्या केल्या. पैशांवरून आमच्यात ब्रदेखील निघाला नाही. भांडण झालं ते घंगाळावरून. पितळेचं, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं, आमच्या मोरीतलं घंगाळ. बंबातलं कढत पाणी त्यात ओतायचं, विसण घालायचं आणि आजीच्या हाताखाली एकेकाने बसायचं. छोटू तर तान्हा असताना अख्खा त्यात मावायचा. (आता तो ब्याण्णव किलोचा आहे आणि सगळं जग त्याला अजून छोटू म्हणतं.) दादाच्या गाडीची डिकी मोठी, म्हणून घंगाळ बोरिवलीला गेलं. महिनाभराने दादाने आमच्या चौघांच्या ग्रुपवर गॅलरीचा फोटो टाकला. घंगाळात माती, मातीत मनीप्लँट. ठाण्याहून छोटूने लिहिलं, 'आजी असती तर तिने याच घंगाळात जीव दिला असता.' दादा ग्रुप सोडून गेला. तो एकटाच ॲडमिन होता. तो गेल्यावर व्हॉट्सॲपने आपल्या मर्जीने दुसरा ॲडमिन नेमला आणि ती मी निघाले.

तेव्हापासून दोघांचे निरोप माझ्यामार्फत. "त्याला सांग, सोसायटीच्या कागदावर सही राहिलीय." "त्याला सांग, केली." एका भावाचं ऐकायचं, त्यातले काटे काढायचे आणि गुळगुळीत करून दुसऱ्याला द्यायचं. हे काम माझ्या अंगवळणी लवकर पडलं, कारण ते आमच्या घरात आधीपासून होतं. आत्या टेलिफोन ऑपरेटर होती. ट्रंक कॉल जोडायची.

ज्यांनी ट्रंक कॉल लावलेला नाही त्यांना हे समजावणं कठीण आहे. नाशिकला बोलायचं तर आधी नंबर नोंदवायचा आणि फोनपाशी बसून राहायचं. साधा कॉल असेल तर अर्धा दिवसही जाई. घाई असेल तर अर्जंट, दर दुप्पट. आणि जीवन-मरणाचा प्रश्न असेल तर लायटनिंग, दर साध्याच्या आठपट. लागला की तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की मधेच ऑपरेटरचा आवाज: "थ्री मिनिट्स ओव्हर." आत्याने ही सगळी व्यवस्था घरी आणली होती. आमची भांडणं तिच्यापुढे आली की पहिला प्रश्न: "ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग?" लायटनिंग म्हटलं की लगेच सुनावणी, पण खोटं निघालं तर आठ दिवस गोळ्या-बिस्किटं बंद. ऑर्डिनरीला रात्रीच्या जेवणानंतरची वेळ मिळायची, आणि तोवर भांडण कशावरून होतं तेच आठवायचं नाही. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. कितीही रडत असलात तरी तीन मिनिटांनी ती शांतपणे म्हणायची, "वेळ झाली. पुढचा कॉल."

घंगाळाचं प्रकरण तिच्या कानावर आम्ही घातलं नव्हतं. निदान आमची तशी समजूत होती.

सहलीची आखणी दादाने केली. फाइल केली. तीत भरती-ओहोटीच्या वेळा, डॉक्टरांचे नंबर, आत्याच्या गोळ्यांचं वेळापत्रक. लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, म्हणून डोलीची चौकशी. "चार माणसं खुर्चीतून उचलून नेतात," तो कौतुकाने सांगत होता.

"इतक्यात चौघांच्या खांद्यावरून नको," आत्या म्हणाली. "जरा दम धरा."

दिवसही दादानेच ठरवला. शनिवार-रविवार मरणाची गर्दी. म्हणून सोमवार. "सोमवारी गर्दी नसते," त्याने फाइलीवर लाल शाईने लिहून ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी नऊला आम्ही गेटवेवर. आत्या गोरेगावहून ताईबरोबर आली. नारायणपेठ, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला तीच पिशवी. तीच म्हणजे तशीच. पण आतला फिरकीचा तांब्या मात्र खरोखरच तोच. सुरक्षा तपासणीच्या यंत्रातून तो गेला तेव्हा पडद्यावर काय दिसलं कोण जाणे, पोलीसदादांनी पिशवी बाजूला घेतली.

"आजी, यात काय आहे?"

"पाणी."

"उघडून दाखवा."

"तूच उघड."

त्याने फिरकी पिळून बघितली. त्याच्या जोडीदाराने बघितली. मागे रांग वाढली. शेवटी छोटू पुढे झाला, तांब्या पोटाशी धरला, फिरकी आधी किंचित उलटी दाबली आणि मग सुलटी. निघाली. चाळीस वर्षांनीही हाताला ती खोड आठवत होती. पोलिसाने आत डोकावून पाणीच आहे याची खात्री केली. दादा हे सगळं बघत होता. तोंडाने काही बोलला नाही, पण तांब्या पुन्हा पिशवीत जाईपर्यंत त्याने नजर हलवली नाही.

समोर ताज, पाठीशी समुद्र, कबुतरं, फोटोवाले. घारापुरीच्या तिकिटांसाठी रांगेत एकही माणूस नव्हता. दादा माझ्याकडे विजयी नजरेने बघत होता.

तिकिटं देणारा गृहस्थ पेपर वाचत होता. त्याने मान वर केली नाही. "घारापुरी उद्या."

"उद्या म्हणजे?"

"आज सोमवार ना. लेणी बंद."

मी पन्नास-पंचावन्न वर्षं दादाला ओळखते, पण त्याचा चेहरा असा पडलेला पहिल्यांदा बघितला. फाइलीत भरती-ओहोटी होती, डोलीचे दर होते, बेटावर समुद्राखालच्या केबलने २०१८ साली वीज आली ही माहितीदेखील होती. फक्त सोमवारी लेणी बंद असतात, एवढंच नव्हतं. ताई हळूच म्हणाली, "म्हणून गर्दी नसते." छोटूने तोंड समुद्राकडे फिरवलं. त्याचे खांदे गदगदत होते. दादाला ते दिसलं. माझ्या पोटात गोळा आला. आता 'त्याला सांग' सुरू होणार.

आत्या कठड्याशी गेली. दूर धुरकट पाण्यात बेटाची ओळ दिसत होती का, ते मला नीट सांगता येणार नाही, पण ती मात्र बघत होती. मग वळून म्हणाली, "घारापुरी बंद असेल. घारापुरीचा हत्ती कुठे बंद आहे?"

"हत्ती?"

"राणीच्या बागेतला. बाग बुधवारी बंद असते. आज सोमवार." मग दादाकडे बघून, "हे मी बघून आले होते हं."

बघून आले होते. हा शब्द माझ्या डोक्यात अडकला, पण बस आली.

टॅक्सीला नाही म्हणाली ती. पाचजण एका टॅक्सीत बसत नाहीत, आणि दोन टॅक्स्या केल्या तर कोण कोणाबरोबर बसणार हा प्रश्न येणार, हे तिच्या लक्षात आलं असणार. रीगलपाशी भायखळ्याकडे जाणारी बस मिळाली. चढताना दाराशी उभी राहून तिने मोजलं: एक, दोन, तीन, चार. बसमधल्या माणसांनी माना वळवून 'चार'ची वाट बघितली, आणि ब्याण्णव किलोचा छोटू पायरी चढून वर आला.

कंडक्टर जवळ आला. आत्याने पिशवीतून छोटं पाकीट काढलं. कोणी खिशात हात घातला तर तिच्या मते तो अपमान. "भायखळा. एक फुल, चार हाफ."

कंडक्टरने इकडेतिकडे, सीटखालीसुद्धा बघितलं. "हाफवाले कुठायत, आजी?"

आत्याने आमच्याकडे बोट दाखवलं. त्याने दादाचं टक्कल बघितलं, ताईचे पांढरे केस, माझा गुडघ्याचा पट्टा, आणि शेवटी छोटू. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "उंची जास्त भरते, आजी. फुलच लागेल."

"मग सगळी फुल दे," आत्या म्हणाली. "वाढली रे पोरं."

आता हे ती विसरून म्हणाली, सवयीने म्हणाली की थट्टा केली, यावर आम्हा चौघांची चार मतं आहेत. तेवढं मात्र झालं की त्यानंतर भायखळ्यापर्यंत आम्ही खरोखर हाफ तिकिटातले झालो. ताईने खिडकी मागितली. मी दिली नाही. दादा आणि छोटू पुढेमागे उभे होते. व्हीटीच्या वळणावर बस कलली तशी दोघांनी एकाच वेळी आत्याच्या खांद्याला हात लावला आणि एकाच वेळी काढून घेतला.

राणीच्या बागेचं सरकारी नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आतमध्ये पेंग्विन आले आहेत, २०१६ साली थेट सोलहून, आणि शाळेच्या सहली सगळ्या तिकडेच पळतात. आत्यानेही काचेतून एक नजर टाकली. "आमच्या एक्स्चेंजमधले साहेब असेच चालायचे," एवढीच तिची टिप्पणी. मग हळूहळू आम्ही वस्तुसंग्रहालयाच्या बाजूला निघालो. पुढे आत्या आणि ताई, मागे आम्ही तिघं, मी मधे. मला वाटतं, जगात जेवढ्या मधल्या बहिणी आहेत तेवढ्या सगळ्या कुणा ना कुणाच्या मधे चालत असतात.

"त्याला सांग, आत्याच्या बाजूला चाल, जमीन उंचसखल आहे," दादा.

"त्याला सांग, मला दिसतंय," छोटू.

आत्या थांबली. वळली नाही, नुसती थांबली. तिचे कान अजून हेडफोन लावल्यासारखे तिखट आहेत.

"काय रे, कानपूर-लखनौला १९६० साली डायरेक्ट डायल सुरू झालं. मधली ऑपरेटर गेली. तुमच्या आजोबांनी तेव्हा मला सांगितलं होतं, या नोकरीच्या नादी लागू नकोस, ती टिकायची नाही. तरी मी लागले आणि पस्तीस वर्षं काढली. पण कानपूर-लखनौला जे साठ साली जमलं, ते बोरिवली-ठाण्याला अजून जमू नये?"

कोणी काही बोललं नाही. मला मात्र दोन वर्षांची पगारी रजा मिळाल्यासारखं वाटलं.

हत्ती उघड्यावर उभा आहे. काळ्या दगडाचा, भरभक्कम, पण अंगभर सांधे. डागडुजी केलेल्या भिंतीसारखा. हाच तो, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी आपल्या घारापुरीला एलिफंटा करून टाकलं. तो बेटाच्या किनाऱ्यावर होता. १८६४ साली इंग्रजांनी त्याला उचलून विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना क्रेन दगा देऊन गेली, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे इथे आणून टाकले, आणि पन्नास वर्षांनी, १९१४ साली, ते जोडून पुन्हा हत्ती उभा केला. पन्नास वर्षं तो नुसता ढीग होऊन पडला होता म्हणायचा.

ताई पस्तीस वर्षं मराठीची शिक्षिका होती. तिला समोर काहीही दिसलं की त्यातून तात्पर्य निघतं. तिने घसा साफ केला. "बघा हं, जे तुटतं तेसुद्धा..."

"तीन मिनिटं झाली," आत्या म्हणाली.

"अगं, मी सुरूसुद्धा केलं नाही!"

"पुढचा कॉल माझा आहे."

ती बाकावर बसली. फिरकीचा तांब्या छोटूकडे दिला, त्याने उघडला. लाडू निघाले. मोजून पाच. पहिला दादाला, मग ताईला, मग मला, मग छोटूला, जन्माच्या क्रमाने, जसे पूर्वी मिळायचे. स्वतःचा हातात धरून हत्तीकडे बघत ती म्हणाली, "ऑर्डिनरी नाही. अर्जंटही नाही. लायटनिंग आहे."

आम्ही चौघं समोर उभे. चौसष्ट वर्षांचं कर्ज असल्यासारखं ती बोलत होती, आणि होतंही तसंच.

"ज्या वर्षी ते कानपूरचं डायल सुरू झालं ना, त्याच वर्षी तुमच्या बाबांचं लग्न झालं. मी सतरा वर्षांची. लग्नघरात पाहुणे मावेनात. पाणी तापवायला, साठवायला भांडी पुरेनात. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून एक घंगाळ मागून आणलं."

दादाने लाडू तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच राहिला.

"लग्न झालं. आई म्हणाली, देऊन ये. मी म्हटलं, उद्या देते. एक जिना उतरायचा, पण त्या घंगाळाचं वजन बघितलंय ना? दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या. मग तुमची आई त्यात कपडे भिजवायला लागली. मग दादा झाला, त्याला त्यात आंघोळ घातली. आता पोराचं घंगाळ परत कसं द्यायचं? मग ताई. काकूंनी कधी मागितलं नाही, पण जिन्यात भेटल्या की मी खाली बघून जायचे. पुढे त्या डोंबिवलीला राहायला गेल्या. आई जाताना शुद्धीत होती. म्हणाली, घंगाळ दे गं. मी म्हटलं, देते."

"म्हणजे आपलं घंगाळ..." छोटू म्हणाला.

"आपलं नाहीच. कधी नव्हतं. त्याच्या काठाखाली नाव आहे, ते तरी कुणी वाचलंत का?" मग तिने हत्तीकडे बोट केलं. "त्या इंग्रजांना हसायला मला तोंड नाही. त्यांनी निदान उचलायचा प्रयत्न तरी केला. मी जागच्या जागीच लांबवलं."

दादाने फोन काढला. वहिनींना म्हणाला, "गॅलरीत जा. मनीप्लँट जरा वर उचल. नाही, टाकू नकोस, उचल. काठाखाली बघ. माती पुसून फोटो पाठव."

तेवढ्या वेळात कोणी काही बोललं नाही. एक खार बाकापाशी येऊन लाडवाचा कण घेऊन गेली. मग फोटो आला. दादाने फोन डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. चष्मा तो गेटवेवर फाइलीबरोबर ताईच्या पिशवीत ठेवून बसला होता.

"चष्मा दे," तो छोटूला म्हणाला.

छोटूने आपला चष्मा काढून दिला. "झूम कर," तो म्हणाला. "असं नाही. दोन बोटांनी. दे इकडे."

दोन टाळकी एका पडद्यावर. पितळेवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं, मातीने भरलेली. कैलासवासी कुणाच्या तरी स्मरणार्थ, आणि खाली 'मुंबई ४'. आडनाव आमचं नव्हतं.

पहिल्यांदा छोटू हसला की दादा, ते आठवत नाही. छोटूच बहुतेक. म्हणाला, "दोन वर्षं मी दुसऱ्याच्या आजीसाठी भांडलो." आणि दादा म्हणाला, "मी दुसऱ्याच्या आजोबांच्या स्मरणार्थ मनीप्लँट लावला." मग चौघंही बाकाच्या पाठीला धरून हसत राहिलो, इतके, की शाळेच्या सहलीतली पोरं पेंग्विन सोडून आमच्याकडे बघायला लागली. आत्या तेवढी गंभीर होती. तिने लाडवाचा शेवटचा घास खाल्ला, हात झटकले. मला राहून राहून वाटत होतं की हिला सोमवारचंही आधीच ठाऊक असणार. विचारलं. "मी ऑपरेटर आहे," ती म्हणाली. "दोन्हीकडचं ऐकू येतं, पण सांगायचं नसतं."

"काकू आहेत अजून?" ताईने विचारलं.

"काकू केव्हाच गेल्या. मुलगी आहे, माझ्याहून चार वर्षांनी लहान. दिवाळीला फोन करते. मला दर वेळी वाटतं, आज सांगावं. मग तीन मिनिटं होतात."

"आपण देऊन येऊ," छोटू म्हणाला. "पाचही जण. माझ्या टेम्पोत घंगाळ मागे, आत्या पुढे."

"मनीप्लँटचं काय?" दादाला आता तीच काळजी. त्यावर पाचदहा मिनिटं चर्चा झाली. छोटूने ठाण्याला एक प्लॅस्टिकची बादली देऊ केली. दादाने ती आनंदाने घेतली, आणि मग बादली कुठल्या रंगाची यावर दोघांचं पुन्हा थोडं वाजलं, पण थेट. माझ्यामार्फत नाही.

बाहेर पडताना आत्याने फाटकापाशी थांबून मोजलं. एक, दोन, तीन, चार. दादाने फाइल उघडली, चष्मा, छोटूचाच, नाकावर सरकवला आणि कॅलेंडर काढलं.

"डोंबिवलीला सोमवारी जाऊ," तो म्हणाला. "सोमवारी गर्दी नसते."